राज्य कोणावर? – खेळातील शिक्षेचे गणित

पाच-दहा मुले खेळायला जमली, की खेळ सुरू होण्यापूर्वी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो : राज्य कोणावर? लपंडाव असो, पकडापकडी असो किंवा आंधळी कोशिंबीर असो, ज्याच्यावर राज्य येते त्याला इतरांपेक्षा जास्त धावावे, शोधावे किंवा चाचपडावे लागते. स्नेहसंमेलनात किंवा सहलीच्या मुक्कामी बसून खेळायचे जे खेळ असतात, त्यांत राज्याऐवजी ‘शिक्षा’ असते. गाणे थांबताच ज्याच्या हातात पुडके राहील, त्याने एक चिठ्ठी उचलायची आणि तीत लिहिलेले सर्वांसमोर करून दाखवायचे. राज्य काय किंवा शिक्षा काय, तिच्यावाचून खेळाला रंगत येत नाही.

पण विद्यार्थी मित्रहो, एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. काही मुलांवर राज्य वारंवार येते. बाकीचे हसून म्हणतात, “त्याचे नशीबच तसे!” काही दिवसांनी तो मुलगा खेळायला येईनासा होतो. आता हे खरोखर नशीब असते, की राज्य ठरवण्याच्या पद्धतीतच काही दोष असतो? या प्रश्नाचे उत्तर गणिताने देता येते, आणि ते काहीसे अनपेक्षित आहे.

न्याय्य म्हणजे काय?

भौतिकशास्त्रात ‘सममिती’ या कल्पनेला फार महत्त्व आहे. एखादी वस्तू फिरवली किंवा तिचे भाग आपसांत बदलले, तरी ती पूर्वीसारखीच दिसत असेल, तर ती सममित आहे असे आपण म्हणतो. हीच कसोटी खेळाला लावता येते. राज्य ठरवण्यापूर्वी कोणत्याही दोन मुलांनी आपल्या जागा बदलल्या आणि तरीही कोणाचाच फायदा किंवा तोटा झाला नाही, तर ती पद्धत न्याय्य होय. म्हणजेच, मुले ‘न’ असतील, तर प्रत्येकावर राज्य येण्याची संभाव्यता बरोबर १/न असली पाहिजे.

निकाल लागल्यावर एकावर राज्य येणार आणि बाकीचे सुटणार, हे उघड आहे. तेथे समानता नाही. समानता हवी ती निकालापूर्वी.

चिठ्ठ्यांचा साधा उपाय

समजा, आठ मुले आहेत. आठ सारख्या चिठ्ठ्या घेऊन एकीवर ‘राज्य’ असे लिहिले आणि सर्वांनी एकेक चिठ्ठी उचलली. येथे नेहमी एक वाद होतो. कोणी म्हणतो, “पहिली चिठ्ठी मी उचलणार,” कोणी म्हणतो, “शेवटी उचलणे बरे.” खरे पाहता दोघांच्याही म्हणण्यात अर्थ नाही.

पहिल्याला ‘राज्य’ मिळण्याची संभाव्यता १/८ आहे. दुसऱ्याला ते मिळण्यासाठी आधी पहिला सुटला पाहिजे (संभाव्यता ७/८) आणि मग उरलेल्या सात चिठ्ठ्यांतून नेमकी ती चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती आली पाहिजे (संभाव्यता १/७). दोहोंचा गुणाकार ७/८ × १/७ = १/८. तिसऱ्यासाठी ७/८ × ६/७ × १/६ = १/८. असे करत शेवटच्या मुलापर्यंत जा, उत्तर तेच येते. चिठ्ठ्यांच्या पद्धतीत क्रमाला महत्त्व नाही. जागा बदला, काही फरक पडत नाही.

बडबडगीताची मोजणी

पुष्कळ ठिकाणी मुले गोल उभी राहतात आणि एक जण बडबडगीत म्हणत प्रत्येक ठोक्याला एकेकाकडे बोट दाखवतो. शेवटचा ठोका ज्याच्यावर येईल तो सुटला. मग त्याच्या पुढच्या मुलापासून पुन्हा मोजणी. जो शेवटी उरतो त्याच्यावर राज्य. हे सारे दैवावर सोडल्यासारखे दिसते. पण येथे दैवाला जागाच नाही, आहे तो केवळ भागाकार.

पाच मुलांना १ ते ५ असे क्रमांक द्या आणि गीताचे ठोके ८ आहेत असे माना. १ पासून सुरुवात केली, तर आठवा ठोका ३ वर येतो, कारण ८ ला ५ ने भागल्यास बाकी ३ उरते. ३ सुटला. आता ४ पासून मोजा : ४, ५, १, २, ४, ५, १, २. आठवा ठोका २ वर, २ सुटला. पुन्हा ४ पासून मोजले की ५ सुटतो. मग १ पासून मोजले की ४ सुटतो. उरला १. म्हणजे ज्याच्यापासून मोजणी सुरू केली त्याच्यावरच राज्य!

हे ज्याला ठाऊक आहे, तो स्वतःपासून मोजणी कधीच सुरू करणार नाही. ज्याच्यावर राज्य यावे असे त्याला वाटते, त्याच्यापासून तो सुरू करील आणि सगळे निमूटपणे मान्य करतील. बोट दाखवणाऱ्याची जागा इतरांच्या जागेसारखी नाही. सममिती तेथेच मोडली.

चकणे : तिघांपुरते निर्दोष

आता आपल्या परिचयाच्या पद्धतीकडे वळू. तीन मुले हातावर हात ठेवतात आणि एकदम हात सोडून तळवा उपडा किंवा उताणा धरतात. ज्याचा तळवा इतर दोघांपेक्षा वेगळा, तो सुटला. तिघांचे तळवे सारखे आले, तर पुन्हा चकायचे.

प्रत्येकाला दोन पर्याय, म्हणून एकूण प्रकार २ × २ × २ = ८. त्यांपैकी ‘तिन्ही उपडे’ आणि ‘तिन्ही उताणे’ या दोन प्रकारांत निकाल लागत नाही. उरलेल्या सहा प्रकारांत लागतो आणि त्यांत प्रत्येक मुलगा दोनदा वेगळा पडतो. म्हणजे निकाल लागण्याची संभाव्यता ६/८ किंवा ३/४ झाली. सरासरीने पाहता तीन निकालांसाठी चार वेळा चकावे लागते. निकाल लागला की तिघांनाही सुटण्याची संधी सारखीच, १/३. शेवटी दोघे उरले, की आधी सुटलेला एक मुलगा त्यांच्याबरोबर चकतो. तो स्वतः वेगळा पडला तर पुन्हा, नाहीतर दोघांपैकी एकाचा निकाल. येथेही दोघांची संधी समान. तेव्हा तीन मुलांसाठी चकण्याची पद्धत पूर्णपणे न्याय्य आहे.

मग आठही मुलांनी एकदम का चकू नये? एकटाच वेगळा पडण्याचे प्रकार १६ आणि एकूण प्रकार २५६. निकालाची संभाव्यता १/१६. पहिला मुलगा सुटण्यासाठीच सरासरी सोळा वेळा चकावे लागेल आणि तोवर खेळायची वेळ निघून जाईल. म्हणून मुले तिघा-तिघांनी चकतात, आणि नेमका येथेच घोटाळा होतो.

रांगेतला शेवटचा

बहुतेक ठिकाणी पद्धत अशी असते : आधी तिघे चकतात. एक सुटतो. उरलेल्या दोघांत चौथा येतो. पुन्हा एक सुटतो, मग पाचवा येतो. असे करत सगळे येऊन जातात. वरवर पाहता यात काहीच वावगे दिसत नाही, कारण प्रत्येक फेरीत तिघांची संधी समान असते. उलट असेही वाटते, की जो उशिरा येतो तो कमी वेळा चकतो, म्हणून त्याला धोका कमी. प्रत्यक्षात याच्या उलट घडते. प्रत्येक फेरी ही पकडले जाण्याची नसून सुटण्याची संधी असते. जो आधी येतो त्याला अशा संधी अनेक मिळतात. जो शेवटी येतो त्याला फारच थोड्या.

आठ मुलांचे गणित करू. आठवा मुलगा येतो तेव्हा तिघेच उरलेले असतात, म्हणून त्याच्यावर राज्य येण्याची संभाव्यता १/३. सातव्याला आधीच्या एका फेरीत न सुटता राहावे लागते (२/३) आणि मग शेवटच्या तिघांत अडकावे लागते (१/३), म्हणून २/३ × १/३ = २/९. सहाव्यासाठी आणखी एकदा २/३ ने गुणायचे. पहिल्या तिघांना पाच फेऱ्यांत सुटण्याची संधी मिळते, म्हणून त्यांच्यासाठी २/३ चा पाच वेळा गुणाकार करून त्याला १/३ ने गुणायचे. उत्तरे अशी :

आठवा : २४३/७२९, म्हणजे सुमारे ३३.३ टक्के
सातवा : १६२/७२९, म्हणजे सुमारे २२.२ टक्के
सहावा : १०८/७२९, म्हणजे सुमारे १४.८ टक्के
पाचवा : ७२/७२९, म्हणजे सुमारे ९.९ टक्के
चौथा : ४८/७२९, म्हणजे सुमारे ६.६ टक्के
पहिले तिघे : प्रत्येकी ३२/७२९, म्हणजे सुमारे ४.४ टक्के

सर्वांची बेरीज ७२९/७२९, म्हणजे १ येते, हे पडताळून पाहा. न्याय्य वाटा प्रत्येकी १२.५ टक्के असायला हवा होता. पण शेवटी येणाऱ्यावर राज्य येण्याची संभाव्यता पहिल्या तिघांपैकी कोणाच्याही साडेसात पटींहून अधिक आहे!

आता विचार करा, शेवटी कोण येतो? जो वर्गात नवीन आहे, जो लाजाळू आहे, जो वयाने लहान आहे, ज्याला पुढे घुसता येत नाही, तोच मागे उभा राहतो. धीट मुले पहिल्या तिघांत हात घालतात. कोणीही लबाडी केलेली नसते, कोणाच्या मनात पापही नसते, तरीही राज्य पुन्हा पुन्हा त्याच मुलावर येते. मग त्याला ‘नशीब’ असे नाव मिळते. हे नशीब नव्हे, ही मोडलेली सममिती आहे.

दोघांची जोडगोळी

चकण्यात आणखी एक पळवाट आहे. एकट्या मुलाला लबाडी करून फारसे काही साधत नाही. समजा, अ ने तळवा नेहमी उताणाच धरायचे ठरवले. ब आणि क मनाला येईल तसे धरत असतील, तर चार प्रकारांपैकी एकात अ सुटतो, एकात ब, एकात क आणि एकात निकाल लागत नाही. म्हणजे संधी समानच राहते.

परंतु अ आणि ब यांनी आधीच संगनमत केले की एकाने उपडा आणि दुसऱ्याने उताणा धरायचा, तर क ने काहीही केले तरी त्याचा तळवा त्या दोघांपैकी एकाशी जुळणारच. क कधीच सुटणार नाही. याचा पुरावाही मागे राहत नाही. म्हणून जेथे गट पडलेले आहेत तेथे चकण्यापेक्षा चिठ्ठ्या बऱ्या.

दुरुस्ती कशी करावी?

पहिला उपाय : चकण्याचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरवावा. मग शेवटच्या जागेचा धोका तोच राहिला, तरी ती जागा प्रत्येकाला मिळण्याची संधी समान झाली. दुसरा उपाय नऊ मुले असतील तर फार सुंदर आहे. तिघा-तिघांचे तीन गट करा. प्रत्येक गटात चकून जो उरेल तो पुढे येईल आणि ते तिघे पुन्हा चकतील. प्रत्येकाची संभाव्यता १/३ × १/३ = १/९. सममिती पुन्हा जागेवर आली.

दोघांपुरता निकाल हवा असेल आणि नाणे जवळ नसेल, तर बाटलीचे पत्र्याचे बूच उडवले तरी चालते. तुम्ही म्हणाल, बूच उपडे आणि उताणे सारख्याच वेळा कसे पडेल? ते पडणार नाही, हे खरे. पण जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९५१ मध्ये एक युक्ती सांगितली आहे. बूच दोनदा उडवा. आधी उपडे मग उताणे पडले तर अ जिंकला, आधी उताणे मग उपडे पडले तर ब जिंकला. दोन्ही वेळा सारखेच पडले तर ती जोडी सोडून द्या आणि पुन्हा दोनदा उडवा. समजा, उपडे पडण्याची संभाव्यता ०.६ आहे. तर पहिल्या प्रकारासाठी ०.६ × ०.४ = ०.२४ आणि दुसऱ्यासाठी ०.४ × ०.६ = ०.२४. दोन्ही अगदी समान. साधन पक्षपाती असले तरी पद्धत निःपक्षपाती करता येते, हा त्यातला बोध.

शिक्षा कोणती असावी?

कोणाला शिक्षा, हे ठरले. आता शिक्षा कोणती, हा प्रश्न. येथेही जागा बदलण्याची कसोटी लावू. ‘सर्वांसमोर गाणे म्हण’ ही शिक्षा सर्वांना सारखी दिसते. पण ज्याचा गळा गोड आहे त्याच्यासाठी ते बक्षीस आहे आणि जो बोलताना अडखळतो त्याच्यासाठी ती यातना आहे. शिवाय शिक्षा झालेला मुलगा समोर आल्यावर जर इतरांनी ती ठरवली, तर त्याचे नेमके दुबळे अंग हेरले जाते. मग हसण्यात खेळ उरत नाही.

यावर सोपा उपाय असा, की खेळ सुरू होण्यापूर्वीच प्रत्येकाने एकेक शिक्षा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावी. आपण लिहिलेली चिठ्ठी आपल्यालाच येऊ शकते, हे ठाऊक असल्यामुळे लिहिणारा आपोआप सौम्य होतो. त्यातही पकडल्या गेलेल्या मुलाने दोन चिठ्ठ्या उचलून त्यांतली एक निवडावी. म्हणजे न झेपणारी गोष्ट टाळता येते आणि निवडताना जी चलबिचल होते, तिचीही गंमत येते. कोणाच्या रूपाची, बोलण्याची, घरची किंवा जातीची थट्टा करणारी शिक्षा, तसेच अंगाला इजा होईल अशी शिक्षा डब्यात नसावी. प्रत्येक शिक्षा मिनिटभरात संपावी.

सर्वांत न्याय्य शिक्षा कोणत्या, असे विचाराल तर मी म्हणेन, ज्यांत निसर्गनियमच सर्वांना हरवतो त्या. काही नमुने देतो.

(१) भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून, पाय जुळवून उभे राहा. पायांसमोर फूटभर अंतरावर रुमाल ठेवला आहे. गुडघे न वाकवता आणि पाय न हलवता तो उचला. हे साधत नाही, कारण आपण वाकतो तेव्हा एरवी कंबर मागे जाते आणि गुरुत्वमध्य पावलांच्या वर राहतो. येथे भिंत कंबरेला मागे जाऊ देत नाही. गुरुत्वमध्य पावलांच्या पुढे जातो आणि तोल जातो. (समोर एका मित्राने सावरायला उभे राहावे.)

(२) उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला टेकवून उभे राहा व डावा पाय बाजूला उचला. तोही उचलता येणार नाही. कारण तुम्हीच शोधा.

(३) सुमारे १२ सें.मी. लांबीची नोट एकाने उभी धरावी. शिक्षा झालेल्याने तिच्या मध्यावर, तिला न शिवता, अंगठा व बोट उघडे ठेवावे आणि नोट सुटताच पकडावी. हात मात्र खाली न्यायचा नाही. ६ सें.मी. पडायला नोटेला सुमारे ०.११ सेकंद लागतो, आणि डोळ्यांनी पाहून बोटे मिटायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतो. नोट निसटणारच!

या शिक्षांत वर्गातला पैलवानही हरतो आणि किरकोळ मुलगाही हरतो. गुरुत्वाकर्षण कोणाचे तोंड पाहत नाही. त्यामुळे हसू येते ते त्या मुलाचे नव्हे, तर घडलेल्या प्रकाराचे. लगेच बाकीचे म्हणतात, “थांब, मी करून दाखवतो,” आणि तेही फसतात.

‘बाद’ होण्याची शिक्षा

संगीत खुर्चीत हरणाऱ्याला वेगळी शिक्षा नसते, तो फक्त बाद होतो. पण हीच शिक्षा मोठी ठरू शकते. दहा मुले असतील तर नऊ फेऱ्या होतात. सगळे शेवटपर्यंत खेळले असते, तर ९० वेळा कोणी ना कोणी खेळले असते. प्रत्यक्षात १० + ९ + ८ + ... + २ = ५४ वेळाच खेळणे होते आणि उरलेल्या ३६ वेळा कोणीतरी नुसते बसून असते. त्यातही जो सर्वांत संथ असतो तो सर्वांत आधी बसतो, आणि म्हणून त्याला सराव सर्वांत कमी मिळतो. पुढच्या वेळी तो पुन्हा मागे.

याउलट गाण्याच्या भेंड्यांत काय होते ते पाहा. गाणे सुचले नाही तर गटावर भेंडी चढते, पण गट खेळातच राहतो आणि पुढच्या अक्षराला बरोबरी साधू शकतो. संगीत खुर्चीतही बाद करण्याऐवजी चिठ्ठीतली छोटी शिक्षा देऊन मुलाला परत घेतले, तर खेळ शेवटपर्यंत सर्वांचा राहतो.

कच्चा लिंबू

शेवटी एक शंका. घोळक्यात एखादे पाच वर्षांचे मूल असते. ते कच्चा लिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही. मग सममिती मोडली नाही का? मोडली, पण ती सर्वांनी आधी, उघडपणे आणि आपण होऊन मोडली. चिठ्ठीतली संधी समान करता येते, पण पायांतले बळ समान करता येत नाही. ज्याला धावून कोणालाच पकडता येणार नाही, त्याच्यावर राज्य आले तर ते संपणारच नाही. जी सूट सर्वांसमोर दिली जाते ती आणि रांगेच्या टोकाला नकळत साठत जाणारा तोटा, या दोन गोष्टींतला फरक ओळखणे, हेच न्यायाचे खरे गणित होय.

शिक्षकांनी एखाद्या तासाला मैदानावर हा प्रयोग जरूर करावा. महिनाभर राज्य कोणाकोणावर आले याची नोंद वर्गानेच ठेवावी, आणि चकण्याची रांग बदलल्यावर पुढचा महिनाभर पुन्हा ठेवावी. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लावले, की संभाव्यतेचा धडा फळ्यावर शिकवण्याची फारशी गरज उरणार नाही.

करून पाहा

१. तिघांनी शंभर वेळा चकून, किती वेळा निकाल लागला नाही ते मोजा. अपेक्षित आकडा २५ च्या आसपास आहे.

२. सहा मुले रांगेने चकत असतील, तर प्रत्येकाची संभाव्यता काढा. (उत्तर : शेवटून पहिल्या मुलाकडे येताना २७/८१, १८/८१, १२/८१ आणि पहिल्या तिघांची प्रत्येकी ८/८१.)

३. चार मुले आणि सात ठोक्यांचे गीत. १ पासून मोजणी सुरू केल्यास राज्य कोणावर? (उत्तर : २ वर.)

४. बाटलीचे बूच दोनशे वेळा उडवून उपडे व उताणे यांची नोंद करा. मग लागोपाठच्या दोन-दोन नोंदींच्या जोड्या पाडून फॉन नॉयमनची युक्ती लावा आणि अ व ब किती वेळा जिंकले ते पाहा.